एकत्र कुटुंबाचा पडदा : हिंदू कोड बिलाचा पराभव आणि आजच्या घटस्फोटातला हिशेब

"जमीन वडिलांच्या नावावर आहे. माझे स्वतःचे असे काहीच उत्पन्न नाही."

माळशिरस तालुक्यात घटस्फोटाचा किंवा पोटगीचा दावा लागला की नवऱ्याच्या बाजूने येणारे हे वाक्य ठरलेले असते. लग्न जमवताना हाच मुलगा 'चार एकर बागायत, दोन गाई, कारखान्याचा सभासद' असतो. लग्न मोडले की तोच मुलगा वडिलांच्या घरात जेवणारा बेकार तरुण होतो. लग्नाच्या बैठकीत सातबारा अभिमानाने दाखवतात आणि न्यायालयात त्याच सातबाऱ्याआड लपतात.

सामाजिक कार्यकर्ते म्हणून आपण याला एका माणसाचा खोटेपणा समजतो आणि पुढे जातो. माझे म्हणणे वेगळे आहे. हे वाक्य बोलता यावे अशी सोय कायद्यानेच ठेवलेली आहे. ती सोय मोडून काढण्याचा प्रयत्न बाबासाहेबांनी केला होता. तो १९५१ साली हाणून पाडण्यात आला. म्हणून नातेपुत्यातली किंवा अकलूजमधली बाई आज नवऱ्याचे उत्पन्न सिद्ध करता करता थकते, तेव्हा ती हिंदू कोड बिलाच्या पराभवाची किंमत मोजत असते. हा इतिहास चळवळीतल्या तरुणांनी नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपली बौद्ध घरेही त्यातून सुटलेली नाहीत.

सुटका होती, वाटा नव्हता

मनुस्मृतीने भार्या, पुत्र आणि दास या तिघांना एका रांगेत बसवले आणि सांगितले की त्यांनी मिळवलेले धन त्यांच्या मालकाचे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले गेले त्यात हा मालमत्तेचा नियमही होता, हे आपण बहुतेक वेळा विसरतो. मनुस्मृती दहन म्हणजे फक्त अस्पृश्यतेचा निषेध नव्हता. स्त्रीच्या कष्टाचा मालक दुसराच कोणी असतो, या विचाराचाही तो निषेध होता.

ब्राह्मणी धर्मशास्त्राने विवाह हा न तुटणारा संस्कार ठरवला. पण बहुजन आणि अस्पृश्य जातींत काडीमोड होता, पाट लावण्याची किंवा मोहतूर करण्याची रीत होती. नको असलेल्या संसारातून बाई बाहेर पडू शकत होती. बाबासाहेबांनी संसदेत याच मुद्द्यावर सनातन्यांना अडवले. घटस्फोट ही परदेशातून आणलेली कल्पना नाही, हिंदूंमध्ये बहुसंख्य असलेल्या शूद्र जातींत तो रूढीने चालत आला आहे, आणि कौटिल्य व पराशर यांच्यातही त्याला आधार आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

तरी काडीमोडाचे आपण उगाच गोडवे गाऊ नयेत. जातपंचायतीपुढे काडी मोडली की बाई मोकळी व्हायची, पण रिकाम्या हाताने. घर, बैल, भांडी, जमीन यांतला वाटा तिला मिळत नव्हता. उलट अनेक जातींत तिच्या बापाने किंवा नव्या नवऱ्याने पहिल्या नवऱ्याला देज परत करायचे. म्हणजे हिशेब व्हायचा, पण तो पुरुषांमध्ये. तिने दहा वर्षे त्या घरात काय राबले, हे मोजायला कोणी बसत नव्हते. वरच्या जातीत सुटका नव्हती, खालच्या जातीत सुटका होती, आणि वाटा दोन्हीकडे नव्हता.

१९४२ : मागणी आपल्या बायांची होती

हिंदू कोड बिल हे दिल्लीतल्या शिकलेल्या लोकांचे काम होते, असा एक समज आहे. सर बी. एन. राव यांची समिती १९४१ साली नेमली गेली, हे खरे. पण २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि हजारो स्त्रिया आल्या होत्या. त्या परिषदेने स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मिळावा आणि बहुपत्नीकत्व बंद व्हावे, असे ठराव केले. दिवसभर मजुरी करणाऱ्या बायांनी विवाहाच्या कायद्यात बदल मागितला होता.

त्याच काळात सुटे सुटे कायदे होत होते. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मर्यादित हक्क मिळाला. १९४६ च्या कायद्याने विवाहितेला काही कारणांवर वेगळे राहून निर्वाह मागता येऊ लागला. १९४७ साली मुंबई प्रांताने हिंदू घटस्फोट कायदा केला. बडोदे संस्थानाने तर १९३१ सालीच तो केला होता. पण हे सगळे ठिगळांचे काम होते. एकसंध कायदा लागणार होता.

बाबासाहेबांनी नेमके काय मांडले

९ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी हे बिल प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव मांडला. त्यातल्या घटस्फोटाच्या आणि मुलीच्या वाट्याच्या तरतुदींवर आपण भाषणे करतो. माझ्या मते आजच्या विषयासाठी त्यातल्या तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट, स्त्रीला मिळालेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची. आयुष्यभर वापर आणि मेल्यावर परत पुरुषाकडे, ही जुनी 'मर्यादित मालकी' त्यांनी नाकारली.

दुसरी गोष्ट, लग्नात हुंडा म्हणून जे दिले जाते ते सासरच्यांचे नव्हे, तर वधूचे. ते विश्वस्त म्हणून सांभाळायचे आणि ती अठरा वर्षांची झाली की तिला मागता आले पाहिजे.

तिसरी गोष्ट आपण जवळजवळ विसरलोच आहोत. मिताक्षरा पद्धतीतल्या एकत्र कुटुंबात मुलाला जन्माने हक्क मिळतो, पण कोणाचा वाटा किती हे वाटणी होईपर्यंत ठरत नाही. एखादा मेला की त्याचा हक्क उरलेल्या पुरुषांकडे जातो. बिलात ही पद्धतच बंद करायची तरतूद होती. एकत्र राहणाऱ्यांनीही ठरलेल्या, वेगळ्या मोजता येणाऱ्या वाट्याने मालमत्ता धरायची. म्हणजे कुटुंब एकत्र जेवले तरी प्रत्येकाचा हिस्सा कागदावर स्पष्ट.

आता ही तिसरी तरतूद घटस्फोटाच्या दाव्यात ठेवून पाहा. नवऱ्याचा वाटा जर आधीच ठरलेला असता, तर 'जमीन वडिलांची आहे, माझे काही नाही' हे वाक्यच बोलता आले नसते.

नेमकेपणाने सांगायचे तर नवरा-बायकोने संसारात कमावलेल्या मालमत्तेची घटस्फोटात निम्मी वाटणी, अशी तरतूद या बिलातही नव्हती. पण माणसाची मालमत्ता एकत्र कुटुंबाच्या पडद्यातून बाहेर काढून ती व्यक्तीच्या नावावर मोजायची, हा पाया त्यात होता. पायाच नसेल तर भिंत कशावर उभी करायची?

चार कलमे आणि एक राजीनामा

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. सनातनी संघटनांनी मोर्चे काढले. सभागृहात काँग्रेसच्याच मोठ्या गटाने वेळकाढूपणा केला. सप्टेंबर १९५१ मध्ये जेमतेम चार कलमे मंजूर झाल्यावर बिल सोडून देण्यात आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची इतर कारणेही होती. पण स्त्रियांच्या हक्काचा कायदा बुडाला म्हणून मंत्रिपद सोडणारा दुसरा नेता या देशाने पाहिलेला नाही.

नंतर १९५५-५६ मध्ये चार तुकड्यांत कायदे झाले. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी लागू झाला, हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी. घटस्फोट मिळाला. वारसा कायद्याच्या कलम १४ ने स्त्रीला पूर्ण मालकी दिली. पण एकत्र कुटुंबातला पुरुषांचा जन्मजात हक्क कलम ६ मध्ये तसाच राखून ठेवला. बाबासाहेबांच्या बिलातला जो भाग जमीनदार घरांच्या मुळावर येणार होता, तोच गाळला गेला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींनाही त्यात सहदायाद केले. लेकीला हक्क मिळाला ही मोठी गोष्ट. सून मात्र होती तिथेच राहिली.

हे दोन्ही कायदे बौद्धांनाही लागू आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण धर्म बदलला, पण विवाह, घटस्फोट आणि वारसा यांसाठी कायद्याने आपल्याला हिंदूंच्याच चौकटीत ठेवले. म्हणून 'हा त्यांचा प्रश्न आहे' असे म्हणायची आपल्याला सोय नाही.

पोटगी म्हणजे वाटा नव्हे

हिंदू विवाह कायद्यात मालमत्तेविषयी कलम २७ आहे. लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेली आणि दोघांच्या संयुक्त मालकीची असू शकेल अशी मालमत्ता, एवढ्यावरच न्यायालय त्यात निर्णय देऊ शकते. लग्नानंतर पंधरा वर्षे दोघांनी राबून बांधलेले घर नवऱ्याच्या नावावर असेल, तर हे कलम तिला त्यात आपोआप हिस्सा देत नाही. तिच्या वाट्याला येते कलम २४ ची दाव्याच्या काळातली आणि कलम २५ ची कायमची पोटगी. पोटगी ठरते नवऱ्याच्या उत्पन्नावर. म्हणजे तिचा हक्क किती, हे तो स्वतःचे उत्पन्न किती कबूल करतो यावर अवलंबून.

फौजदारी कायद्यातल्या पोटगीचा इतिहास तर आणखी बोलका आहे. १९५५ साली तिची कमाल मर्यादा महिन्याला ५०० रुपये केली गेली. १९७३ साली नवी संहिता आली, कलम १२५ आले, पण मर्यादा ५०० च राहिली. ती केंद्राने २००१ साली काढली. शेचाळीस वर्षांत भाव कुठल्या कुठे गेले, आणि टाकलेल्या बाईची किंमत ५०० रुपयांवर गोठलेली होती. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

नागपूरचा एक खटला

उत्पन्न लपवण्याच्या या खेळाला पहिला मोठा लगाम लागला तो आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात. 'रजनेश विरुद्ध नेहा' या नावाने हा निकाल ओळखला जातो. पत्नीने २०१३ साली स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी पोटगी मागितली. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१५ मध्ये तिला महिन्याला १५,००० रुपये आणि मुलासाठी वेगळी रक्कम मंजूर केली. नवऱ्याचे म्हणणे होते की आता आपल्याकडे काम नाही. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला. हंगामी पोटगीसाठी सात वर्षे!

या निकालाने देशभरासाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. हंगामी अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा. प्रतिज्ञापत्रात खोटे लिहिले तर कारवाई.

ग्रामीण भागासाठी यातली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे शेतकऱ्यांसाठीचा वेगळा नमुना. किती जमीन, समाईक असेल तर त्यात वाटा किती, बागायत की जिरायत, पिके कोणती, जनावरे किती, त्यांचे उत्पन्न किती, कर्ज किती, हे सगळे त्यात लिहावे लागते. बिलातली बुडालेली तिसरी तरतूद आठवा. 'तुझा वाटा किती ते सांग' हा जो प्रश्न १९५१ साली कायद्याने विचारायचा राहिला, तो सत्तर वर्षांनी एका प्रतिज्ञापत्राच्या रकान्यात आला.

नातेपुत्यात हा हिशेब कसा मांडायचा

आपला भाग नीरा उजव्या कालव्याचा, सदाशिवनगर आणि अकलूजच्या कारखान्यांचा. इथे उत्पन्न पगाराच्या पावतीवर दिसत नाही, म्हणून ते नाही असे होत नाही. ते दुसऱ्या कागदांवर असते. सातबारा आणि आठ-अ. कारखान्याकडची उसाची नोंद, काट्याच्या पावत्या, उसाचे बिल. सोसायटीचे पीककर्ज, कारण कर्ज देताना पीक आणि क्षेत्र लिहिलेले असते. डेअरीत जमा होणारा दुधाचा पगार. ट्रॅक्टरचे नोंदणी पुस्तक. बँकेचे खातेउतारे. हे कागद बाईच्या हातात नसतात, पण न्यायालयाकडे अर्ज करून ते कारखान्याकडून आणि बँकेकडून मागवता येतात.

एक साधे गणित करू. समजा वडील आणि दोन भावांच्या घरात चार एकर ऊस आहे. एकरी ४० टन धरले तर १६० टन. टनाला ३,००० रुपये धरले तर ४,८०,००० रुपये. निम्मा खर्च वजा केला तरी २,४०,००० उरतात. तिघांत समान वाटले तर एकाचे वर्षाला ८०,०००, म्हणजे महिन्याला ६,६०० च्या वर. दूध, भाड्याने जाणारा ट्रॅक्टर, हंगामातली वाहतूक वेगळी. हा आकडा प्रत्येक घरात कमीजास्त होईल. दुष्काळात तो खाली येईल. पण तो शून्य येत नाही, एवढाच मुद्दा आहे.

आपल्या घरांत जमिनीचा प्रश्न आणखी गुंतलेला असतो. महार वतनाच्या तुकड्यावर आजोबा-पणजोबांपासूनची पंधरा-वीस नावे, वाटणी कधी झालेलीच नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही. त्या सातबाऱ्यावर सुनेचे नाव नसतेच, आणि नवऱ्याचा हिस्सा किती हे त्यालाही सांगता येत नाही. गरिबीतली ही समाईक जमीनही बाईच्या विरोधात पडदा म्हणून वापरली जाते.

वाटा देणारा कायदा आपल्या शेजारी आहे

घटस्फोटात मालमत्तेची वाटणी अशक्य आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी गोव्याकडे पाहावे. तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली आणि मुक्तीनंतरही चालू राहिली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता समाईक होते आणि विवाह संपला की निम्मी-निम्मी. कर्जही दोघांच्या हिशेबात येते. भारताच्या आयकर कायद्यातही याची तरतूद आहे. त्यानुसार गोव्यातल्या अशा जोडप्याचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न दोघांत निम्मे विभागून धरले जाते. म्हणजे सरकारला कर घ्यायचा असतो तेव्हा बायकोचा निम्मा वाटा बरोबर मोजता येतो! गोव्यातही कारभार बहुधा पुरुषाच्या हातात राहतो आणि सही करून हक्क सोडणाऱ्या बायका आहेत. पण निदान सोडायला हक्क तरी आहे.

केंद्रानेही एकदा पाऊल उचलले होते. विवाह कायदा दुरुस्ती विधेयक, २०१० मध्ये घटस्फोटाच्या वेळी पत्नीला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून हिस्सा देण्याची तरतूद आली. राज्यसभेने ते ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केले. लोकसभेची मुदत संपली आणि २०१४ मध्ये ते बुडाले. १९५१ ची आठवण यावी असेच झाले. फरक एवढाच की या वेळी कोणी राजीनामा दिला नाही.

'कायद्याचा गैरवापर होतो' म्हणणाऱ्यांना

हा आक्षेप आपल्या मित्रांकडूनही येतो. त्याचे उत्तर सरळ आहे. प्रतिज्ञापत्र दोघांनी द्यायचे असते. ती शिक्षिका असेल, परिचारिका असेल, तिचे उत्पन्न लपवले जात असेल, तर तेही उघड व्हावे. शेतकरी खरोखर कर्जात बुडाला असेल तर ते कर्जही मांडावे. हिशेब उघड झाला तर खऱ्या नवऱ्याचे काहीच बिघडत नाही. हिशेबाला भितो तो लपवणारा.

आणि आपण स्वतःला एक प्रश्न विचारू. जयंतीला मोठ्या रकमेची पावती फाडणारा, फ्लेक्सवर फोटो लावणारा, समता-स्वातंत्र्य-बंधुता म्हणणारा आपला कार्यकर्ता न्यायालयात 'मी बेरोजगार आहे' असे शपथेवर लिहून देतो तेव्हा आपण गप्प का बसतो? त्याच्या बायकोला 'समाजाची बदनामी नको' म्हणून समजावायला आपणच का जातो? मनुस्मृतीने बायकोची कमाई नवऱ्याची ठरवली होती. बायकोने राबून उभे केलेले घर 'माझ्या बापाचे' म्हणणारा तेच करतो. त्याने ती पोथी वाचलेली नसेल, पण तो ती जगतो.

करायचे काय

मागणी कायद्याची असली पाहिजे. विवाहकाळात उभी राहिलेली मालमत्ता, नाव कोणाचेही असो, दोघांची मानावी. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटले की गृहिणीच्या कष्टामुळेच नवऱ्याला कमावता येते, म्हणून त्या मालमत्तेत तिचाही वाटा आहे. तो घटस्फोटाचा दावा नव्हता, पण विचार तोच आहे. आंबेडकरी संघटनांच्या मागण्यांच्या यादीत हा मुद्दा आला पाहिजे.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली होती. आपण घर बांधताना, प्लॉट घेताना, घरकुल मंजूर होताना दोघांची नावे लावायची सवय आपल्या वस्त्यांत का लावू शकत नाही? प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातून एक दिवस कागदांचा ठेवावा. सातबारा कसा वाचायचा, लग्नात दिलेल्या वस्तूंची यादी दोघांच्या सह्यांनी कशी ठेवायची, प्रतिज्ञापत्रात काय मागायचे, हे तिथे शिकवावे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याच्या कलम ६ नुसार दुसऱ्याच्या हातात गेलेला हुंडाही स्त्रीच्याच मालकीचा आणि तीन महिन्यांत तिला द्यायचा असतो. बाबासाहेबांचा विश्वस्ताचा मुद्दा तिथे शिल्लक आहे, तो वापरावा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा असतो. हे सांगायला मोर्चा लागत नाही.

बाबासाहेबांनी स्त्रीसाठी दया मागितली नव्हती. त्यांनी मोजता येईल असा, कागदावर लिहिलेला वाटा मागितला होता. त्यांचे बिल संसदेने बुडवले. आपल्या घरातले मात्र आपण बुडवतो आहोत. संसदेला जाब विचारण्याचा अधिकार हवा असेल, तर आधी आपल्या सातबाऱ्यावर तिचे नाव लिहू या.

जय भीम!